निरोप्या

आत्याच्या वाडीत अकरा घरं आहेत. त्यांतली सात गणपतीला उघडतात, एखाददुसरं मे महिन्यात. उरलेल्या चार घरांत मिळून सहा माणसं राहतात आणि त्यांतला सगळ्यांत तरुण गडी एकसष्ट वर्षांचा आहे. कुडाळ स्टेशनावर उतरून रिक्षाने मी तिथे पोचते तेव्हा आत्या पडवीतच बसलेली असते. रिक्षा थांबते, कुत्रा भुंकतो, मी हाक मारते, तरी तिची मान वर होत नाही. पायरीपाशी जाऊन अगदी समोर उभी राहिले की मग हसते. तिला ऐकू येत नाही. आता ती ब्याऐंशी वर्षांची आहे. दहा-बारा वर्षांत हळूहळू कान गेले, आणि इतके हळू गेले की नेमके कधी, हे तिलाही सांगता येत नाही.

तिचा नातू डोंबिवलीत वाढला आणि आता जर्मनीत नोकरी करतो. दर रविवारी त्याचा फोन येतो. दोन वर्षांपूर्वी असा एक फोन मी शेजारी बसून ऐकला. तो विचारत होता, "जेवलंस काय?" आत्या सांगत होती, "होय, होय, पाऊस आसा." त्याने पुन्हा विचारलं, मोठ्याने विचारलं, मग ओरडून विचारलं. आत्या म्हणाली, "बरा आसा सगळा. ठेवतंय." जेमतेम एक मिनिट झालं असेल. पुढे कधीतरी त्या नातवाशी बोलताना तो म्हणाला, "आजी हल्ली फारशी बोलतच नाही गं. तिला रस राहिला नाहीये." आत्याला विचारलं तर म्हणाली, "तो आता बोलणा नाय. मोठो झालो." दोघंही एकमेकांसाठी तळमळत होते आणि दुसऱ्यानेच बोलणं टाकलं, अशी दोघांचीही खात्री झाली होती.

ज्येष्ठांचं एकटेपण आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयावर गेली दोन वर्षं मी जे वाचते, पाहते आहे, त्याची सुरुवात त्या एका मिनिटापासून झाली. या विषयावरची बहुतेक चर्चा म्हातारपणी सोबत करणाऱ्या यंत्राभोवती फिरते: गप्पा मारणारं, गोष्टी सांगणारं, नावाने हाक मारणारं यंत्र. आत्याला सोबतीची उणीव होती, पण सोबती नव्हता असं मुळीच नाही. तो जर्मनीत फोन हातात धरून ओरडत होता. मधला धागा तेवढा तुटला होता.

कोकणाला हा तुटलेला धागा नवा नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या दीड कोटीहून अधिक वाढली, पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची घटली. सिंधुदुर्गात २००१ साली ८,६८,८२५ माणसं होती, २०११ साली ८,४९,६५१ उरली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका मोजल्या गेल्या. कोकणात बायका जास्त जन्मतात असा याचा अर्थ नाही, पुरुष मुंबईला आहेत एवढाच आहे. देशभराचं पाहायचं तर २०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसं १० कोटी ३८ लाख होती. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीसोबत २०२३ साली काढलेल्या अहवालाप्रमाणे २०५० पर्यंत ती सुमारे ३४ कोटी ७० लाख होतील, म्हणजे दर पाचांत एक. याच संस्थेच्या पुढाकाराने २०१७-१८ मध्ये झालेल्या ‘लासी’ या मोठ्या पाहणीत साठीपुढच्या शंभर माणसांतली साधारण सहा एकटी राहताना आढळली. आकडा वाटतो त्याहून लहान आहे. पण एकटं राहणं आणि एकटं पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरल्या घरात, मुलगा-सून समोर असताना ऐकू न येणारा माणूस ताटावरून आधी उठतो आणि आपल्या खोलीत जाऊन बसतो, हे आपण प्रत्येकाने पाहिलेलं असतं.

हे दुखणं मनापुरतं राहत नाही. ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली १४८ अभ्यास एकत्र करून, तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती तपासून दाखवलं की ज्यांची नातीगोती घट्ट आहेत त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा जवळपास दीडपट असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये जगातल्या दर सहांपैकी एक माणूस एकाकीपणाने ग्रासलेला असल्याचं सांगितलं आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला.

कोकणातल्या माणसांनी हा धागा पूर्वी कसा टिकवला, ते आत्याने स्वतः पाहिलेलं आहे. तिचे यजमान परळच्या एका गिरणीत होते. गिरणगावातल्या खोल्यांत एका गावची पंधरा-वीस माणसं पाळीपाळीने झोपत. त्यांतलं कोणीतरी एक शिकलेलं असे, ते सगळ्यांची पत्रं लिही. गावाकडे मनीऑर्डर यायची. त्या फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर चार ओळी मजकुराला जागा असायची आणि घरच्या बाईच्या दृष्टीने पैशांइतकीच ती जागा मोलाची. आत्या चौथीपर्यंत शिकलेली, वाडीत वाचता येणारी ती एकटीच बाई. पोस्टमन अंगठा घेऊन पैसे देई आणि पुढच्या घरी जायची घाई असली की म्हणे, मजकूर हिच्याकडून वाचून घ्या. शेजारणी पदराखाली तो तुकडा घेऊन यायच्या. कोणाचा नवरा आजारी, कोणाच्या नवऱ्याने कर्ज काढलेलं, कोणाला रागाचे दोन शब्द. १९८२ चा गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा कोणाकोणाची मनीऑर्डर थांबली, हेही तिला सगळ्यांआधी कळलं. "मग कोणाक सांगलंस नाय?" मी विचारलं. तिला माझा प्रश्नच विचित्र वाटला. म्हणाली, "वाचूचा नि इसराचा."

वाचायचं आणि विसरायचं. मराठीत अशा माणसाला छान शब्द आहे, निरोप्या. दोन माणसांच्या मध्ये उभा राहतो, एकाचं दुसऱ्यापर्यंत पोचवतो आणि निघून जातो. निरोप पोचला की त्याचं काम संपतं. कृत्रिम बुद्धिमत्तेने म्हातारपणी नेमकं काय करावं, असं मला कोणी विचारलं तर मी हाच शब्द सांगेन.

पहिली अडचण कानांची होती, म्हणून आधी कानांचं सांगते. वय झालं की ऐकू कमी येणारच, असं म्हणून आपण जे सोडून देतो त्याची किंमत फार मोठी आहे. ‘लॅन्सेट’ नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाने टाळता येण्याजोग्या कारणांची यादी केली आहे. २०२४ साली तिच्यात १४ कारणं होती आणि श्रवणशक्ती कमी होणं हे त्यांतलं वरचं एक. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे फ्रँक लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७० ते ८४ वयाच्या ९७७ माणसांवर तीन वर्षं एक चाचणी केली. निम्म्यांना कानाचं यंत्र आणि ते वापरण्याचं शिक्षण दिलं, निम्म्यांना नुसतं आरोग्यशिक्षण. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर बुद्धीच्या कामात फरक दिसला नाही. पण ज्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका मुळातच जास्त होता त्यांच्यात घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. २०२५ साली याच चाचणीतून आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि ती मला त्या ४८ टक्क्यांपेक्षा मोठी वाटते. यंत्र मिळालेल्या माणसांच्या गोतावळ्यात तीन वर्षांनंतर, इतरांच्या तुलनेत, सरासरी एक माणूस जास्त टिकून होता. एकच माणूस! सत्तरी-पंचाहत्तरीनंतर बोलायला एक माणूस जास्त असणं म्हणजे काय, हे ज्याच्याकडे तो नाही त्याला विचारावं.

कृत्रिम बुद्धिमत्ता इथे आधीच येऊन पोचली आहे. कानाचं जुनं यंत्र सगळेच आवाज मोठे करतं, माणसाचा आणि मिक्सरचाही. त्यामुळे लग्नघरात म्हातारं माणूस वैतागून ते काढून ठेवतं. ओटिकॉन या डॅनिश कंपनीने २०२१ च्या सुमारास आणलेल्या यंत्रात १ कोटी २० लाख खऱ्याखुऱ्या आवाजांवर शिकवलेलं न्यूरल नेटवर्क होतं. ते माणसाचं बोलणं आणि आजूबाजूचा गलका वेगळा ओळखतं. पुढे इतर कंपन्यांनीही हीच वाट धरली. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ॲपलच्या एअरपॉड्समधल्या श्रवणयंत्राच्या सोयीला मान्यता दिली, म्हणजे गाणी ऐकायच्या बोंडातच आता सौम्य बहिरेपणावरचा उपाय मिळतो. आपल्याकडे ज्येष्ठांना असं साहित्य देणारी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत २०२४ पासून पासष्टीपुढच्या गरजूंना साहित्यासाठी एकदाच ३००० रुपये मिळतात. चांगलं डिजिटल यंत्र त्याच्या कितीतरी पट महाग असतं.

आत्यालाही एका शिबिरात यंत्र मिळालं होतं. कान तपासून ते तिच्यासाठी जुळवून कोणी दिलंच नाही. कानात घातलं की शिट्टी वाजायची. पहिल्याच पावसाळ्यात दमट हवेने ते बंद पडलं. कोणीतरी सांगितलं म्हणून तिने ते तांदळाच्या डब्यात ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. मागच्या वर्षी मी डबा उघडला तर कापडात नीट गुंडाळून ठेवलेलं होतं, जोडवी ठेवावी तसं.

मग आम्ही दुसरी वाट धरली. आत्याला ऐकू येत नाही, पण वाचता येतं. चष्मा लावून ती अजून पोथी वाचते. बोललेलं लिहून दाखवणारं तंत्र गूगलने फेब्रुवारी २०१९ मध्ये फोनवर आणलं, तेव्हा त्यामागे दिमित्री कानेव्हस्की हे संशोधक होते. अगदी लहानपणी त्यांचे कान गेले आणि पुढे आयुष्यभर त्यांनी यंत्राला ऐकायला शिकवण्याचं काम केलं. वॉशिंग्टनच्या गॅलोडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठाचीही त्यात मदत होती. आता अशी ॲप बरीच आहेत. त्यांतलं एक आम्ही जुन्या टॅबवर घातलं, अक्षर जाड आणि मोठं केलं, टॅब भिंतीला टेकवून ठेवला आणि शेजारी फोन स्पीकरवर.

सुरुवातीला आत्याला पटेना. म्हणून मी म्हटलं, तूच बोलून बघ. ती टॅबकडे वाकली आणि सावकाश म्हणाली, "माका ऐकाक येणा नाय." पडद्यावर उमटलं, ‘मका ऐकायला येणार नाही.’ आत्याने बोट लावून वाचलं. "मको? मको खय इलो हयसर?"

त्या एका शब्दात या तंत्राची सगळी घडण दिसते. यंत्र आवाजाचे बारीक तुकडे करतं, प्रत्येक तुकडा कोणत्या उच्चाराशी जुळतो ते पाहतं आणि मग त्या उच्चारांतून कोणता शब्द होण्याचा संभव जास्त आहे, ते ठरवतं. हा संभव ते वाचलेल्या मजकुरावरून शिकतं. पुस्तकांत, वर्तमानपत्रांत, बाजारभावांत मका हजारो वेळा येतो. ‘माका’ छापलेला कुठे दिसतो? यंत्राने ऐकलं बरोबरच होतं. पण मालवणी माणूस असं बोलतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यात म्हातारी माणसं बोलता बोलता थांबतात, श्वास घेतात, शब्द शोधतात. दात नसले की स, श, च यांचे उच्चार बदलतात. यंत्राला वाटतं वाक्य संपलं. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते, आणि गूगलच्या बोलून टंकन करण्याच्या सोयीत मराठी २०१७ मध्ये आली. पण ती मराठी कोणाची? वऱ्हाडातल्या आजीची, खानदेशात अहिराणी बोलणाऱ्या आजोबांची, आमच्या आत्याची?

यावर कामं चालली आहेत आणि त्यांतलं एक मला फार आशेचं वाटतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने गूगलसोबत २०२२ च्या अखेरीस ‘वाणी’ हा प्रकल्प जाहीर केला. एकेक भाषा धरून जाण्याऐवजी जिल्हा धरून जायचं, माणसाला एखादं चित्र दाखवायचं आणि तुमच्या बोलीत याविषयी बोला असं सांगायचं. पहिल्या टप्प्यात ८० जिल्हे घेतले, त्यांत सिंधुदुर्गही आहे. केंद्र सरकारची भारतीय भाषांसाठीची ‘भाषिणी’ योजना जुलै २०२२ पासून सुरू आहे. मद्रास आयआयटीतला ‘एआयफॉरभारत’ हा गट राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांचं भाषांतर आणि उच्चारण खुलं करून देतो. हे काम करणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. आवाज गोळा करायला जाल तेव्हा नाक्यावरच्या तरुणांपाशी थांबू नका, पडवीत बसलेल्यांपर्यंत जा. बोली त्यांच्यापाशी आहे, आणि या यंत्राची सगळ्यांत जास्त गरजही त्यांनाच आहे.

तर रविवार आला. नातवाने डोंबिवलीच्या मराठीत विचारलं, "आजी, जेवलीस का?" पडद्यावर जसंच्या तसं उमटलं. आत्याने वाचलं आणि इतकं सविस्तर उत्तर दिलं की कित्येक महिन्यांत त्याने ते ऐकलं नसेल: पेज, फणसाच्या आठळ्यांची भाजी, कोणाच्या म्हशीला रेडकू झालं, कोणाचा माड वाऱ्याने पडला. त्या दिवशी फोन सव्वीस मिनिटं चालला. मी घड्याळ लावून मोजलं, कारण मला ते खरं वाटत नव्हतं. मध्येच तो लहानपणच्या सवयीने मालवणीत शिरला आणि पडद्यावर भलतंच काहीतरी उमटायला लागलं, तेव्हा त्याला पुन्हा पुस्तकी मराठीत यावं लागलं. फोन ठेवल्यावर आत्या खूश होती, पण जराशा वेळाने म्हणाली, "असो कित्याक बोलता तो? परक्यासारखो." निरोप पोचला, पण वाटेत त्याचा वास गेला. निरोप्याला गावची बोली यायला हवी ती यासाठी.

आता त्या सोबती यंत्रांकडे वळते. त्यांच्याविषयी माझं मत अनुकूल नाही, पण त्यांची बाजू खोटी नाही. एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ साली ‘एलायझा’ नावाचा प्रोग्रॅम मांडला. तुम्ही टंकलेलं वाक्य तो उलटवून प्रश्न करायचा, एवढंच. तो कसा चालतो हे ठाऊक असलेली त्यांचीच सेक्रेटरी त्याच्याशी बोलायला बसली आणि थोड्या वेळाने वायझेनबॉमना म्हणाली, तुम्ही जरा बाहेर जाल का? त्या प्रसंगाने ते इतके हादरले की पुढे १९७६ साली यंत्रावर किती विसंबावं याविषयी त्यांनी एक अख्खं पुस्तक लिहिलं. जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून ‘पारो’ घडवला, पांढऱ्या सीलच्या पिलासारखा, कुरवाळलं की मान वळवणारा. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या शुश्रूषेत तो अनेक देशांत वापरला जातो. बोलणंच हरपलेलं माणूस पारोला मांडीवर घेऊन शांत होत असेल तर त्याला नावं ठेवायचा अधिकार मला नाही.

न्यूयॉर्क राज्याच्या ज्येष्ठ नागरिक कार्यालयाने २०२२ मध्ये ‘एलीक्यू’ नावाची आठशेहून अधिक यंत्रं एकट्या राहणाऱ्यांच्या घरी देण्याचं जाहीर केलं. टेबलावरच्या दिव्यासारखं दिसणारं हे यंत्र स्वतः होऊन बोलायला सुरुवात करतं. पुढच्या वर्षी त्या कार्यालयाने सांगितलं की वापरणाऱ्यांपैकी ९५ टक्क्यांना एकाकीपणा कमी करण्यात त्याचा उपयोग वाटला. आकडा मोठा आहे. मात्र ज्यांनी हौसेने यंत्र घेतलं आणि वापरलं त्यांनाच विचारून तो आलेला आहे, एवढं लक्षात ठेवावं. मार्च २०२५ मध्ये एमआयटी आणि ओपनएआय यांनी मिळून केलेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. ९८१ प्रौढ माणसं चार आठवडे रोज चॅटबॉटशी बोलत होती. जी जास्त वेळ बोलली त्यांच्यात एकाकीपणा जास्त दिसला आणि माणसांतली ऊठबस कमी. एकटी होती म्हणून जास्त बोलली की जास्त बोलली म्हणून एकटी झाली, हे त्यातून सुटत नाही. ही चाचणी खास वृद्धांवरही नव्हती. तरी मला तिची भीती वाटते, ती धंद्याच्या हिशेबामुळे. सोबती यंत्र विकणाऱ्याचा फायदा आजी खुर्चीवरून उठली नाही तर वाढतो. निरोप्याचं काम मात्र आजी आणि नातू बोलायला लागले की संपलं.

दक्षिण कोरियात या दोहोंच्या मधलं काहीतरी सापडलं आहे. तिथल्या नेव्हर या कंपनीची ‘केअरकॉल’ नावाची सेवा २०२१ मध्ये बुसान शहरात चाचणीदाखल सुरू झाली आणि पुढे अनेक नगरपालिकांनी घेतली. यंत्र एकट्या राहणाऱ्या वृद्धाला ठरल्या दिवशी फोन करतं. जेवलात का, झोप लागली का, गुडघा कसा आहे, असं विचारतं. बोलण्याची नोंद नगरपालिकेच्या सेविकेकडे जाते. शेकडो माणसांना रोज फोन करणं एका सेविकेला शक्य नसतं, पण कोणाकडे आज जायला हवं हे यामुळे कळतं. संशोधकांनी या सेवेचा बारकाईने अभ्यास केला तेव्हा तिची मर्यादाही दिसली. माणसं यंत्राला आपल्या अडचणी सांगायची, नगरपालिकेकडून मदत मिळेल असं समजून. यंत्र सहानुभूतीचे दोन शब्द बोलायचं, पण मदत देणं त्याच्या हातात नव्हतं. तेव्हा फोनच्या दुसऱ्या टोकाला माणूस आहे की नाही, यावरच अशा सेवेचं मोल ठरतं. आपल्याकडे ज्येष्ठांसाठी १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ २०२१ पासून देशभर आहे. फोन आपणहून करावा लागतो, आणि ज्याला सगळ्यांत जास्त गरज असते तो क्वचितच आपणहून करतो. त्या हेल्पलाइनला केअरकॉलसारखी जोड मिळाली, आणि तिच्यामागे तालुक्याला चार माणसं उभी केली, तर कितीतरी बंद दारं वेळेवर उघडतील. मुंबईत शंतनू नायडू यांनी रतन टाटांच्या पाठबळावर २०२२ मध्ये ‘गुडफेलोज’ सुरू केलं. तिथे तरुण पदवीधर पगारी सोबती म्हणून आजी-आजोबांकडे जातात. सोबतच हवी असेल तर ती अशी, चहाला बसणारी हवी.

निरोप्याविषयी एक जुनी सावधगिरीही आपल्याकडे होती. त्याने खूण सांगायला हवी. अशोकवनात मारुती सीतेपुढे उभा राहिला तेव्हा तिने त्याच्यावर लगेच विश्वास टाकला नाही. रामाची अंगठी दाखवली तेव्हा तिला खूण पटली, आणि परत जाताना तिने आपला चूडामणी दिला तो रामाला खूण पटावी म्हणून. आपण इतकी वर्षं आवाजालाच खूण मानत आलो. फोनवर ‘मी’ म्हटलं की पुरायचं. आता काही सेकंदांच्या ध्वनिफितीवरून कोणाच्याही आवाजाची नक्कल करता येते, आणि नातू अडचणीत आहे, पैसे पाठव, असा फोन नातवाच्याच आवाजात येऊ शकतो. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली म्हाताऱ्या माणसांची आयुष्यभराची पुंजी लुटली गेली. पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये त्यावर बोलावं लागलं. असं झालंच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवायचं, हे घरातल्या प्रत्येक ज्येष्ठाला पाठ हवं. पण त्याआधी घराघरात एक खुणेचा शब्द ठरवायला हवा. पैशाची गोष्ट निघाली की तो विचारायचा. आत्याने हे ऐकताक्षणी शब्द ठरवला. तो कोणता ते मी लिहिणार नाही. नातवाला पहिल्यांदा पोहायला शिकवलं त्या दिवसाशी त्याचा संबंध आहे, एवढं सांगते.

आणि ‘वाचूचा नि इसराचा’ याचं काय? हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. आत्या दर रविवारी जे बोलते त्यात शेजाऱ्यांची दुखणी येतात, वाटणीची भांडणं येतात. आमच्या टॅबवर बोललेलं साठवायचं नाही असं मी सेटिंगमध्ये शोधून शोधून केलं, पण आत्याला ते कधीच सापडलं नसतं. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशाने २०२३ साली केला. त्या कायद्याने माझ्या आत्याएवढी तरी कसोटी लावावी. संमतीचा पानभर इंग्रजी मजकूर समोर धरून अंगठा घेणं म्हणजे परवानगी नव्हे. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं ऐकणाऱ्या यंत्रात विसरणं हीच मूळ मांडणी हवी आणि लक्षात ठेवायचं असेल तर त्यासाठी वेगळं विचारायला हवं, त्यांच्या बोलीत, मोठ्या अक्षरात.

यंदा गणपतीच्या आधी मी पुन्हा गेले होते. कुडाळला एका श्रवणतज्ज्ञाकडे आत्याचे कान तपासून घेतले. नवं यंत्र जुळवून झालं, आता शिट्टी वाजत नाही. पण फोनवरचं बोलणं तिला अजून नीट लागत नाही, तेव्हा रविवारी टॅब लागतोच. वाडीतल्या बाकीच्या पाच जणांपैकी दोघी आता रविवारी दुपारी आमच्या पडवीत येतात, आपापल्या मुलांचे फोन तिथेच घेतात. आत्या टॅबवरचं मोठ्याने वाचून दाखवते. तिच्यात आणि पूर्वीच्या आत्यात फरक इतकाच की आता मनीऑर्डरच्या तुकड्याऐवजी पडदा आहे.

नातवाचा फोन आला तेव्हा सांज झाली होती आणि पाऊस धरला होता. पत्र्यावर सर आली की यंत्राला काहीच कळत नाही, पडद्यावर नुसते ठिपके हलत राहतात. आत्या तरी बोलत होती. एरवीपेक्षा मोठ्याने, टॅबकडे न बघता, फोनकडे तोंड करून. पाणी कुठवर आलं, लाइट कधी गेले, मूर्ती कोणाकडे सांगितली. मग थांबून तिने विचारलं, "ऐकाक येता मा रे तुका?"

फोनमधून काय उत्तर आलं ते पावसात मलाही ऐकू आलं नाही. क्षणभराने फोनवर मेसेज वाजला. त्याने तो टंकून पाठवला होता, आणि दुरुस्ती सुचवणाऱ्या कीबोर्डने मध्येच ‘मका’ करू नये म्हणून बहुतेक दोनदा तपासून. आत्याने चष्मा सारखा केला आणि शेजारणींना ऐकू जावं म्हणून मोठ्याने वाचलं.

"आज्ये, माका ऐकाक येता. तू बोल."